‘कार्गो’च्या निमित्ताने : यंत्र, श्रम आणि साक्ष

आपल्या साप्ताहिकाच्या या पानावर चित्रपटाची चर्चा सहसा होत नाही. चित्रपट म्हणजे दोन घटकांची करमणूक, आणि त्यातही विज्ञानपट म्हणजे शहरी सुखवस्तू तरुणांचा छंद, अशी आपल्या कार्यकर्त्यांची एक समजूत आहे. ती अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. परदेशातून येणाऱ्या बहुतेक विज्ञानपटांत अवकाशातली युद्धे, स्फोट आणि अखेरीस जग वाचवणारा एक वीरपुरुष यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. परंतु श्रमिकांच्या चळवळीने ज्याची दखल घ्यायला हवी होती आणि घेतली नाही, असा एक चित्रपट आपल्याच एका मराठी दिग्दर्शिकेने केला आहे. नागपूरच्या आरती कडव यांचा ‘कार्गो’ हा तो हिंदी चित्रपट. २०१९ च्या ऑक्टोबरात तो मुंबईच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि ९ सप्टेंबर २०२० रोजी, चित्रपटगृहांना टाळे असताना, नेटफ्लिक्सवर आला. मोजक्या समीक्षकांनी त्याचे कौतुक केले. त्यानंतर तो विस्मरणात गेला.

चित्रपटाची कल्पना सांगायला सोपी आहे. मनुष्य आणि राक्षस यांच्यात पूर्वीच तह झालेला आहे. मेलेल्या माणसाला पुढच्या जन्माकडे रवाना करण्याचे काम राक्षसांकडे आहे. मात्र यमदूत, रेडा, पाश हे सारे इतिहासजमा होऊन त्या कामाचे एक रीतसर खाते झाले आहे. पृथ्वीभोवती अवकाशयाने फिरतात. त्यांपैकी ‘पुष्पक ६३४ए’ या यानावर प्रहस्थ नावाचा राक्षस वर्षानुवर्षे एकट्याने नोकरी करतो. (रामायणातला प्रहस्त हा रावणाचा सेनापती, इथे त्याचा पार कारकून झाला आहे.) रोज सकाळी माल येतो. माल म्हणजे नुकतेच मेलेले लोक. खात्याच्या भाषेत त्यांना ‘कार्गो’च म्हणतात. त्यांच्या जवळच्या वस्तू काढून घ्यायच्या, शरीर दुरुस्त करायचे, स्मृती पुसायची आणि पुनर्जन्मासाठी पुढे पाठवून द्यायचे, एवढेच काम. त्याच्या मदतीला युविष्का नावाची नवी तरुण सहायिका येते. जखमा भरून काढण्याची शक्ती तिच्या अंगी आहे. विक्रांत मॅसी आणि श्वेता त्रिपाठी यांनी या दोन भूमिका केल्या आहेत, आणि पृथ्वीवरून पडद्यावर येऊन सूचना देणारा वरिष्ठ झाला आहे नंदू माधव. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त दादासाहेब फाळके साकारणारा हा नट इथे एका सरकारी खात्यातल्या साहेबाचा भाव असा काही पकडतो की, जिल्हा परिषदेत ज्याने एकदा तरी खेटे घातले आहेत त्याला तो तत्काळ ओळखीचा वाटावा.

यानातील यंत्रे मुद्दाम जुनाट ठेवली आहेत. मोठाली बटणे, जाड काचेचे पडदे, तालुक्याच्या कचेरीत शोभतील अशी उपकरणे. खर्च कमी होता हे उघड दिसते. पण त्या काटकसरीतून एक सत्य हाती लागले आहे. तंत्रज्ञान आपल्या देशात चकचकीत रूपाने क्वचितच येते. ते येते एखाद्या खिडकीच्या रूपाने. खिडकीपलीकडे एक कंटाळलेला माणूस असतो आणि अलीकडे एक घाबरलेला.

कोणी म्हणेल की पूर्वजन्मीची स्मृती पुसली जाते ही तर आपली जुनीच कल्पना. तीत नवे ते काय? नवे असे की, पुराणातल्या व्यवस्थेत चित्रगुप्त होता. त्याच्या चोपडीत प्रत्येक जिवाच्या प्रत्येक कृत्याची नोंद होती. त्या पापपुण्याच्या हिशेबाने जातिव्यवस्थेला पुरवलेले समर्थन आपण कधीही मान्य केलेले नाही. परंतु त्या कल्पनेत माणसाने काय भोगले आणि काय केले याला कोठेतरी किंमत होती, त्याची कोणीतरी मोजदाद करीत होते. ‘कार्गो’तील खात्याजवळ अशी चोपडी नाही. तेथे कोणाचा निवाडा होत नाही, कोणाला शिक्षा नाही आणि कोणाला न्यायही नाही. सावकार आला काय आणि कर्जाने मेलेला कुळवाडी आला काय, खुर्ची तीच आणि कळही तीच. वरवर पाहता ही परम समता आहे. आम्ही समाजवादी ज्या समतेसाठी झगडतो तिचे हे विडंबन आहे. ही समता माणसाकडे तो माणूस आहे म्हणून बघत नाही. सगळेच माल झाल्यामुळे ती आलेली आहे.

प्रहस्थ हा दुष्ट नाही. चित्रपटाचे खरे बळ मला इथे दिसते. तो प्रामाणिक आहे, वक्तशीर आहे, त्याने आपल्या कामाशी जन्माचे लग्न लावले आहे. आणि नेमक्या त्या निष्ठेने त्याला आतून रिते केले आहे. समोर आलेल्या माणसाच्या आयुष्यात डोकावणे हा त्याच्या कामाचा भाग नाही. नवखी युविष्का मात्र बघते, विचारते, अस्वस्थ होते. खात्याच्या दृष्टीने हा वेळेचा अपव्यय. या दोघांच्या संथ संवादांतून प्रेक्षकाला हळूहळू उमगते की, स्मृती फक्त मेलेल्यांची पुसली जात नाही. पुसण्याची कळ दाबणाऱ्याचीही रोज थोडी थोडी पुसली जाते. मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत ज्या परात्मतेचे विवेचन केले ती वर्गात समजावून सांगताना माझ्या पिढीच्या प्राध्यापकांना कापडगिरणीतील मजुराचे उदाहरण घ्यावे लागे. आता प्रहस्थाचे घ्यावे.

हा चित्रपट ज्या महिन्यांत लोकांसमोर आला ते महिने आठवावेत. तयार तो आधीच झालेला होता, त्यामुळे महामारीवर भाष्य करण्याचा त्याचा हेतू असणे शक्य नाही. तरीही २०२० साली या देशात मृत्यूची विल्हेवाट जशी लागत होती तिचे याहून नेमके चित्र मला अन्यत्र आढळले नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले देह, दुरून हात जोडणारे आप्त, अखेरचे मुखदर्शनही न घडलेली कुटुंबे. संसर्गाच्या भयाने काही निर्बंध अटळ होते हे मान्य. पण ८ मे २०२० च्या पहाटे जे घडले त्याला संसर्ग कारण नव्हता. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशचे मजूर भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने पायी निघाले होते. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ ते थकून रुळांवरच झोपले आणि त्यांच्यातील १६ जण गाडीखाली चिरडले गेले. प्रवासी गाड्या बंद असल्यामुळे रुळांवर काही येणार नाही असे त्यांना वाटले असावे. आली ती मालगाडी. मालाची वाहतूक सुरू होती. बंद होती ती माणसांची. रुळांमध्ये विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले.

आणि १४ सप्टेंबर २०२० रोजी, ‘कार्गो’ प्रदर्शित होऊन पाच दिवस झाले असताना, केंद्रीय श्रम मंत्रालयाने लोकसभेत लेखी उत्तर दिले की, टाळेबंदीत घराकडे निघालेल्या किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला याची माहिती ठेवलेली नाही, सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच अधिवेशनात, घरी परतलेल्या मजुरांची संख्या मात्र एक कोटीहून अधिक अशी सांगण्यात आली. म्हणजे जिवंत मालाची गणती होती. तो वाटेत नष्ट झाला तर त्याची नव्हती. पडद्यावरच्या राक्षसांनी निदान प्रत्येकाला एकेक करून आत घेतले.

येथे आपल्या चळवळीच्या एका जुन्या वादाकडे वळावे लागेल, कारण ‘कार्गो’ त्या वादाची जागा बदलतो. यंत्राविषयी बोलताना आपण प्रायः एकच प्रश्न विचारत आलो : यंत्राने किती हात रिकामे केले? सप्टेंबर १९३१ मध्ये लंडनला गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन यांची भेट झाली तेव्हा त्यांच्यात यंत्राचाच विषय निघाला होता, आणि १९३६ साली चॅप्लिनने ‘मॉडर्न टाइम्स’ काढला. त्यातला पट्ट्यावर चाप आवळणारा आणि पुढे चापच त्याच्या अंगात शिरलेला कामगार आपण सर्वांनी पाहिला आहे. डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला तो भांडवल थोडे आणि हात पुष्कळ असलेल्या देशाच्या हिशेबाने. हा सारा विचार आजही मोलाचा आहे. परंतु रोजगाराचा प्रश्न हा यंत्रप्रश्नाचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा भाग १९७४ साली हॅरी ब्रेव्हरमन यांनी आपल्या ग्रंथात मांडला. हे गृहस्थ मुळात तांबटकाम शिकलेले कामगार होते, त्यामुळे त्यांच्या विवेचनाला हाताचा अनुभव आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, भांडवलशाही कामाची आखणी कामगाराच्या डोक्यातून काढून व्यवस्थापकाच्या टेबलावर नेते आणि कामगाराकडे फक्त अंमलबजावणी ठेवते. म्हणजे श्रमाबरोबर श्रमातून साचलेले ज्ञानही हस्तगत होते. माणसाला अनुभव येतो, आणि त्या अनुभवाची मालकी दुसऱ्याकडे जाते.

हे विधान जड वाटत असेल त्यांनी अ‍ॅलेक्स रिव्हेरा यांचा २००८ चा ‘स्लीप डीलर’ पाहावा. हाही दुर्लक्षितच राहिला. मेक्सिकोतील एका शेतकऱ्याचा मुलगा, ज्याच्या गावची नदी एका कंपनीने धरण बांधून अडवली आहे, तो सीमेवरच्या तिहुआना शहरी कारखान्यात येतो. तेथे त्याच्या अंगाला तारा जोडतात, आणि त्याच्या हालचालींबरहुकूम पलीकडे अमेरिकेत एक यंत्रमानव इमारत बांधतो. श्रीमंत देशाला श्रम मिळतात. श्रमिकाला मात्र देशात पाऊल ठेवावे लागत नाही. त्याच चित्रपटात एक तरुणी आपल्या आठवणी बाजारात विकते. ज्या शेतकऱ्याच्या घरावर आकाशातून मारा झाला त्याच्या मुलाशी झालेली तिची ओळखही विकली जाते, आणि विकत घेणारा निघतो तो मारा करणारा वैमानिकच.

ही कपोलकल्पना आहे असे २००८ साली म्हणता येत होते. २०२५ मध्ये वृत्तपत्रांत आलेली एक बातमी पाहा. तामिळनाडूतील करूर येथे कामगार कपाळावर कॅमेरा बांधून टॉवेलच्या घड्या घालतात. ती चित्रफीत परदेशी कंपन्यांकडे जाते, आणि तिच्यावरून यंत्रमानवांना घडी घालणे शिकवले जाते. आपला सोलापूर जिल्हा चादर आणि टॉवेल यांवर जगतो; दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मानांकन मालाला मिळाले. टॉवेलची घडी घालणाऱ्या बाईच्या बोटांत जे आहे त्याला कोणतेही मानांकन नाही, म्हणून ते कोणीही टिपून नेऊ शकतो.

इतके लिहिल्यावर एक धोका स्पष्ट केला पाहिजे. अशा लिखाणातून लगोलग एक गहिवर उत्पन्न होतो : जुने ते सारे मानवी, नवे ते सारे अमानुष. हा गहिवर प्रतिगामी आहे. जात्याचेच उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातील शेकडो खेड्यांत हिंडून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या ‘परी’ या ग्रामीण जीवनाच्या संग्रहात वाचता-ऐकता येतात. पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे गाणे थांबले. एक समग्र अनुभवविश्व यंत्राने पुसले, यात शंका नाही. पण म्हणून पहाटे तीनला उठून पायलीभर दळण दळण्याची सक्ती कोणी आपल्या सुनेवर करणार आहे काय? त्या ओव्यांत सुख आहे त्याहून अधिक सासुरवासाचे दुःख आहे. आणि ध्यानात घ्या, त्या ओव्यांचे सूर वाचले तेही ध्वनिमुद्रण यंत्रामुळेच.

आरती कडव यांना या गोष्टीचे पुरते भान आहे. त्यांचा पुढचा ‘मिसेस’ हा चित्रपट २०२५ साली आला. तो एका मल्याळी चित्रपटाची हिंदी आवृत्ती. त्यात सासरेबुवांना चटणी मिक्सरमधली चालत नाही, पाट्यावर वाटलेलीच लागते. अस्सल चवीचा अनुभव सासऱ्याचा आणि मनगट सुनेचे! यंत्रामुळे मानवी अनुभव लोपतो अशी ओरड जेव्हा कानी येते तेव्हा आधी हे पाहावे की, ओरडणारा पाट्याच्या कोणत्या बाजूला बसला आहे. एकाच दिग्दर्शिकेने एका चित्रपटात यंत्राची निर्विकारता दाखवावी आणि दुसऱ्यात यंत्र नाकारण्यातला पुरुषी जुलूम दाखवावा, यात विसंगती नाही. प्रश्न दोन्हीकडे एकच आहे : निर्णय कोणाचा, आणि ज्याच्या अंगावर तो पडतो त्याला बोलायची मुभा आहे की नाही.

आता दुधनीकडे येतो. सोलापूर-वाडी लोहमार्गावरचे, अक्कलकोट तालुक्यातले हे सीमेवरचे गाव. बाजारात कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. तूर, हरभरा, उडीद यांची उलाढाल हा गावाचा प्राण. ‘माल आला’, ‘माल उतरला’, ‘माल वाळला नाही’ ही इथली रोजची भाषा असल्याने ‘कार्गो’ हे नाव इथल्या माणसाला फोडून सांगावे लागत नाही. भुसार बाजाराच्या पेठांत पूर्वी आडत्या दाणा दाताखाली धरून ओलावा सांगे, आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे. तो अनुभव दांडगा होता यात वाद नाही. पण ते दात आडत्याचे होते आणि रुमालाखालचा भाव शेतकऱ्याला दिसत नव्हता. उघड लिलावासाठी शेतकऱ्यांच्या संघटनांना झगडावे लागले ते उगीच नाही. आज हमीभावाच्या खरेदीकेंद्रावर यंत्र ओलावा मोजते आणि १२ टक्क्यांहून अधिक निघाला की माल परत. यंत्र दातापेक्षा प्रामाणिक आहे असे मी मानतो. मात्र यंत्राचा आकडा शेतकऱ्याला दिसला पाहिजे, दुसऱ्यांदा मोजून मागता आले पाहिजे, आणि आकडा चुकला असे म्हणणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेणारा एक अधिकारी तेथे उभा असला पाहिजे. हे असेल तर यंत्र शेतकऱ्याचे. नसेल तर दात परवडले. निदान दाताच्या धन्याशी हुज्जत घालता येत होती.

रेशनच्या दुकानातील अंगठ्याच्या यंत्राचेही असेच आहे. विड्या वळणाऱ्या, खडी फोडणाऱ्या, उसाची तोडणी करणाऱ्या हातांवरच्या रेषा झिजतात. ज्यांनी आयुष्यभर सर्वांत जास्त श्रम केले त्यांनाच यंत्र ओळखत नाही. श्रम जितके जास्त तितकी ओळख पुसट! ‘कार्गो’त स्मृती पुसायला निदान एक खुर्ची लागते. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. आधारशी जोडणी नसल्याने शिधापत्रिका रद्द झाली होती आणि मूल भुकेने गेले, असे तिच्या आईचे म्हणणे. सरकारने कारण आजाराचे दिले. मृत्यूच्या कारणावर वाद होऊ शकला. शिधापत्रिका रद्द झाली होती यावर झाला नाही. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आदी अर्थशास्त्रज्ञ अशा वगळणुकीबद्दल वर्षानुवर्षे लिहीत आहेत. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कल्याणकारी योजनांसाठी आधार ग्राह्य धरला. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी त्याविरुद्ध मत नोंदवले. अंगठा न जुळल्यास पर्यायी मार्ग नियमांत लिहिलेले आहेत. पण ते नियम कोणाला ठाऊक असतात, आणि वापरण्याचे धैर्य कोणात असते? दुकानदार म्हणतो, मशीन घेत नाही. या तीन शब्दांपुढे अपील नाही.

रोजगार हमीची हकीगत तर आपल्या घरची. १९७२ च्या दुष्काळाच्या वणव्यात महाराष्ट्राने ही योजना राबवली, वि. स. पागे यांच्या चिंतनातून तिला आकार आला, १९७७ साली तिचा कायदा झाला. तेव्हा हजेरीपटावर शाईचा अंगठा उठे. खोटे अंगठे उठत, मेलेल्या माणसांच्या नावे मजुरी निघे. हे आपणच मोर्चे काढून चव्हाट्यावर आणले. परंतु तो हजेरीपट कागदाचा होता. कारकुनाच्या हातातून तो ओढून, पारावर बसून मोठ्याने वाचता येत होता. १ जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय रोजगार हमीच्या कामांवर मोबाइलमधून दिवसाला दोन वेळा छायाचित्र चढवण्याची सक्ती झाली. जाळे नसले की हजेरी नाही, आणि हजेरी नसली की केलेले काम झालेच नाही. त्याविरुद्ध मजुरांनी त्याच वर्षी दिल्लीत जंतरमंतरवर दीर्घ धरणे धरले. भ्रष्टाचार थांबला म्हणावे तर जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून कबूल केले की, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जातात, इतकेच नव्हे तर छायाचित्राचेच छायाचित्र काढून चढवले जाते. उपाय काय योजला, तर माणसांनी ती छायाचित्रे तपासावीत! त्या वर्षाच्या डिसेंबरात संसदेने तो कायदाच बाजूला सारून नवा कायदा आणला. त्याची चिकित्सा या पानावर स्वतंत्रपणे व्हावयास हवी. इथे मुद्दा इतकाच की, लबाडाला यंत्र चकवता आले. टोपली डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या बाईला मात्र आपण तिथे होतो हे यंत्राला पटवता आले नाही.

मी ज्याला साक्ष म्हणतो ती हीच. माणूस तिथे होता, त्याने राबून घेतले, त्याला भूक लागली, तो मेला, हे दुसऱ्या माणसाने पाहणे आणि पाहिल्याचे बांधील राहणे. ‘कार्गो’तील युविष्काची अस्वस्थता या साक्षीसाठी आहे. आपल्या जाहीरनाम्यांत यंत्रामुळे जाणाऱ्या नोकऱ्यांवर परिच्छेद असतात, ते असावेतच. पण यंत्राच्या नकाराविरुद्ध गावपातळीवर दाद मागण्याचा हक्क, त्या नकाराची लेखी पोच देण्याचे बंधन, आणि ‘यंत्र काहीही म्हणो, या बाईला मी ओळखतो’ असे लिहून धान्य वा मजुरी देण्याचा ग्रामसभेला व तलाठ्याला अधिकार, या मागण्या अजून आपल्या कोणत्याही ठरावात मी वाचलेल्या नाहीत. यांत फार मोठा खर्च नाही, यंत्र फेकून देण्याची गरज नाही. सत्ता मात्र थोडी खाली सरकते, म्हणून विरोध होईल.

चित्रपटात उणिवा आहेत. उत्तरार्धात तो रेंगाळतो. प्रहस्थाच्या जुन्या प्रेमाचे प्रकरण, कोंकणा सेन शर्मा यांच्यासारखी अभिनेत्री असूनही, उपरे वाटते. हे खाते कोणाच्या मालकीचे, त्याचा लाभ कोणाला, हा प्रश्न दिग्दर्शिकेने विचारलेलाच नाही, आणि समाजवाद्याला ती उणीव टोचल्याखेरीज राहणार नाही. तरीही तालुक्याच्या अभ्यासवर्गात हा चित्रपट दाखवावा असे मी सुचवतो. सुमारे दोन तास लागतात.

आणि त्यानंतरच्या चर्चेत करूरच्या टॉवेलाचा प्रश्न घ्यावा. सोलापूरच्या यंत्रमागावर आणि घडीच्या टेबलावर कपाळाला बांधायचा कॅमेरा अजून आलेला नसेल तर उत्तम. तो येण्यापूर्वीच कामगार संघटनेने मालकांबरोबरच्या करारात कलम घालून घ्यावे की, कामगाराच्या हातांची चित्रफीत त्याच्या लेखी संमतीवाचून घेतली जाणार नाही, घेतल्यास तिच्यावर त्याचा हक्क राहील, आणि त्या चित्रफितीवरून शिकलेले यंत्र जेथे जेथे चालेल तेथील कमाईत त्याला वाटा मिळेल. वाटा किती असावा यावर वाद होईल. तो बैठकीत व्हावा.